लंडनचे रात्रीचे दहा



विमान तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. शेतात खुरपत असताना डोक्यावरून घरघर जाते. मान वर केली की आभाळात एक पांढरी रेघ दिसते. "कुठं निघालं असंल हे?" असे आपण म्हणतो आणि पुन्हा खाली वाकतो.

पण आता त्या विमानात आपली माणसे बसलेली असतात. कोणाचा मुलगा दुबईला गवंडीकाम करतो. कोणाची लेक लंडनला इस्पितळात नर्स आहे. माणूस दूर गेले की घरच्यांना दोन प्रश्न पडतात. ते किती लांब आहे? आणि निघाले तर घरी कधी पोचेल?

या प्रश्नांची उत्तरे हिशेबाने काढता येतात. हिशेब सोपा आहे. पण त्यात एक खाच आहे. त्या खाचेत आम्ही स्वतः पडलो. जन्मभर शाळेत गणित शिकवले, तरी पडलो. ती गोष्ट आधी सांगतो.

आमचा हिशेब चुकला

आम्ही मुंबईत लालबागला एका चाळीत राहतो. आमच्या मजल्यावर एक तात्या राहत. मूळ गाव सातारा जिल्ह्यात. तात्या गिरणीत साचेखात्यात होते. १९८२ च्या संपात त्यांची नोकरी गेली. पुढे त्यांनी भाजी विकली, वॉचमनची कामे केली. पण एकुलत्या एका मुलाला शिकवले. तो आमच्याच शाळेत होता. पुढे तो नर्सिंग शिकला आणि लंडनला इस्पितळात नोकरीला लागला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारी महिना होता. सोमवारी दुपारी चार वाजता तात्या गेले. मुलाला कळवले. संध्याकाळी सहाला त्याचा फोन आला. काकूंना बोलवेना. त्यांनी फोन आमच्या हातात दिला.

तो म्हणाला, "गुरुजी, तिकीट मिळालं. इथून रात्री दहाला विमान आहे. नऊ तास लागतात. मी येईपर्यंत तात्यांना ठेवा."

आम्ही म्हणालो, "ठेवतो. तू नीट ये." आम्ही त्याला शब्द दिला.

चाळीतली मंडळी भोवती जमली होती. सगळ्यांचा एकच सवाल, "गुरुजी, पोरगं कधी पोचणार?" आम्ही बोटांवर हिशेब केला. रात्रीचे दहा. त्यात नऊ तास मिळवले. सकाळचे सात. विमानतळ ते लालबाग एक-दीड तास धरला. मग आम्ही सांगून टाकले, "साडेआठपर्यंत तो घरात येईल. मयत नऊला उचलू."

आमचा शब्द म्हणजे चाळीत काळ्या दगडावरची रेघ. गावाकडे फोन गेले. भाऊबंद रात्रीच्या एस.टी.त बसले. गिरगाव, दादर, परळ, सगळीकडच्या पाहुण्यांना नऊची वेळ दिली. बर्फाच्या लाद्या आणल्या. भोईवाड्याच्या स्मशानात सांगून ठेवले.

मंगळवारी सकाळी सातला तात्यांचा पुतण्या विमानतळावर उभा होता. सव्वासातला त्याचा फोन आला. "गुरुजी, इथं बोर्डावर ते विमान दुपारी साडेबाराला येणार असं लिहिलंय. लेट झालंय का?"

आमच्या पोटात धस्स झाले. विमान लेट नव्हते. विमान अगदी वेळेवर होते. आमचा हिशेब चुकला होता.

कुठे चुकला? तुम्हांला दिसले का? नसेल दिसले तर हरकत नाही. आम्हांलाही त्या रात्री दिसले नाही. ते कळण्यासाठी आधी अंतर समजून घेऊ, मग वेळ समजून घेऊ. त्या दिवशी पुढे काय झाले, ते शेवटी सांगतो.

किती लांब?

मुंबईच्या विमानतळाचे नाव छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ. तो अंधेरीजवळ सहार भागात आहे. लंडनच्या मोठ्या विमानतळाचे नाव हीथ्रो. या दोहोंमधले सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे.

७,२०० म्हणजे किती? मुंबईहून नागपूरला रेल्वेने जाताना आठशे किलोमीटरांहून थोडे जास्त अंतर पडते. रात्रभराचा प्रवास. असे आठ-नऊ प्रवास एकापुढे एक जोडले की लंडन येते. पायी गेलो तर? रोज तीस किलोमीटर चाललो, एक दिवसही थांबलो नाही, वाटेत समुद्र आडवा आला नाही असे धरले, तरी आठ महिने लागतील.

"सरळ अंतर" असे आम्ही म्हणालो. पण पृथ्वी गोल आहे. गोल वस्तूवर सरळ रेघ कशी काढायची?

एक कलिंगड घ्या. त्यावर लांब लांब दोन टाचण्या टोचा. एका टाचणीला दोरा बांधा आणि दुसरीपर्यंत ताणून धरा. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळची वाट धरतो. विमानाचे अंतर असेच मोजतात.

आता गावातल्या शाळेत जा. गुरुजींकडे पृथ्वीचा गोल मागा. मुंबईवर दोऱ्याचे एक टोक धरा, दुसरे लंडनवर. दोरा ताणा. तो पाकिस्तान, इराण, काळा समुद्र, युक्रेन, पोलंड, जर्मनी असा जातो. मग भिंतीवरच्या नकाशावर मुंबईपासून लंडनपर्यंत पट्टी ठेवा. ती रेघ इराक आणि तुर्कस्तान यांवरून जाते. दोन वाटा वेगळ्या निघाल्या. खरी जवळची वाट कोणती? गोलावरची. नकाशा म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर ताणून बसवलेली. ताणताना वाटा बदलतात.

आभाळातही वळसे असतात

दोरा दाखवतो त्याच वाटेने विमान जाते का? नेहमी नाही. जमिनीला जशा हद्दी आहेत, तशा आभाळालाही आहेत. प्रत्येक देशाचे आभाळ त्या देशाच्या ताब्यात असते. परवानगी असेल तरच तेथून जाता येते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये मोठे युद्ध पेटले. तेव्हा ते आभाळ प्रवासी विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपले आभाळ बंद केले. भारतानेही पाकिस्तानी विमानांना तसेच केले. शेजाऱ्याने बांधावरची पायवाट बंद केली की आपल्याला गावाला वळसा घालून रानात जावे लागते. तसेच हे. वळसा पडला की वेळ वाढतो, इंधन जास्त जळते, आणि त्याचा भार शेवटी तिकिटावर येतो.

किती वेळ लागतो?

मोठे प्रवासी विमान तासाला सुमारे ९०० किलोमीटर जाते. ७,२०० ला ९०० ने भागा. उत्तर आले आठ. म्हणजे आठ तास. पण विमान कंपनी आठ तास सांगत नाही. मुंबईहून लंडनला जाताना साडेनऊ-दहा तास सांगते. येताना नऊच्या आसपास सांगते. असे का?

पहिले कारण. विमान निघाल्याबरोबर पूर्ण वेग धरत नाही. आधी ते जमिनीवर हळूहळू धावपट्टीपर्यंत जाते. तेथे आपल्या पाळीची वाट पाहते. मग चढते. उतरतानाही हळू होते. हा सगळा वेळ तिकिटावरच्या वेळेत धरलेला असतो.

दुसरे कारण वर सांगितलेले वळसे.

तिसरे कारण वारा. जाताना जास्त वेळ आणि येताना कमी, हे वाऱ्यामुळे होते. मोठी विमाने दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून उडतात. आपले कळसूबाईचे शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच. ते १,६४६ मीटर, म्हणजे दीड किलोमीटरांहून थोडे जास्त. यावरून विमानाच्या उंचीची कल्पना करा. त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहत असतो. हिवाळ्यात त्याचा जोर जास्त. कधी तो ताशी शंभर-दीडशे किलोमीटर असतो, कधी त्याहूनही जास्त.

कोकणातल्या वाचकांना हे लगेच कळेल. खाडीत ओहोटीच्या पाण्याबरोबर होडी सोडली की ती भरभर जाते. त्याच पाण्याच्या उलट वल्हवायचे तर हात भरून येतात. लंडनहून मुंबईला येताना विमान पूर्वेकडे येते. वारा पाठीशी असतो. मुंबईहून लंडनला जाताना वारा तोंडावर असतो. म्हणून जाताना वेळ जास्त लागतो.

पूर्वी किती वेळ लागे?

आज दहा तासही आपल्याला फार वाटतात. पूर्वीचे ऐका.

पूर्वी विलायतेला बोटीने जात. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला. त्यामुळे आफ्रिकेला वळसा घालायची गरज उरली नाही. तरी दोन-तीन आठवडे बोटीत काढावे लागत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळला बी.आय.टी. चाळीत राहत. आमच्या घरापासून ती चाळ जवळच आहे. १९२० साली ते अपुरे शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले. तेही बोटीने. त्या काळी घरी काही बरेवाईट झाले, तर परदेशी गेलेल्या माणसाने येऊन तोंड पाहणे शक्यच नव्हते.

मग विमाने आली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईला टपाल आणले. विमान एवढेसे, एका इंजिनाचे. वाटेत ते अहमदाबादला उतरले. तेथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणून विमानात ओतले. मग ते मुंबईत जुहूच्या मैदानावर उतरले. बैलगाडी आणि विमान यांची अशी गाठ पडली होती.

पुढे ८ जून १९४८ रोजी एअर-इंडिया इंटरनॅशनल कंपनीचे विमान मुंबईहून लंडनला निघाले. त्या विमानाचे नाव 'मलबार प्रिन्सेस'. ते वाटेत कैरोला आणि जिनेव्हाला थांबले. १० जूनला ते लंडनला पोचले. १९६० साली त्या कंपनीकडे बोइंग ७०७ जातीची जेट विमाने आली आणि वेळ आणखी घटला. आज वाटेत कुठेही न थांबता विमान एका दमात लंडन गाठते.

घड्याळ कोणाचे?

आता आपण खाचेपाशी आलो.

रात्री चाळीच्या गॅलरीत आम्ही मुलांना एक खेळ दाखवतो. एक नारळ घेतो. दिव्यासमोर धरतो. नारळाची अर्धी बाजू उजेडात, अर्धी अंधारात. नारळ हळूहळू फिरवला की अंधारातली बाजू उजेडात येते. नारळ म्हणजे पृथ्वी. दिवा म्हणजे सूर्य. एका बाजूला दिवस असतो, तेव्हा दुसऱ्या बाजूला रात्र असते.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. म्हणून पूर्वेकडच्या गावाला सूर्य आधी दिसतो, पश्चिमेकडच्या गावाला मागाहून. नागपूर मुंबईच्या पूर्वेला आहे. तेथे सूर्य मुंबईपेक्षा सुमारे २५ मिनिटे आधी माथ्यावर येतो. लंडन तर मुंबईच्या खूप पश्चिमेला. तेथे सूर्य आपल्या मागाहून जवळजवळ पाच तासांनी माथ्यावर येतो.

हे मोजायचे कसे? पृथ्वीवर उत्तर-दक्षिण ३६० रेघा कल्पिल्या आहेत. लंडनमध्ये ग्रीनिच म्हणून भाग आहे. तेथून जाणारी रेघ शून्य धरायची, असे १८८४ साली वॉशिंग्टनला भरलेल्या परिषदेत ठरले. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एका तासात १५ अंश. एका अंशाला चार मिनिटे. मुंबई जवळजवळ ७३ व्या रेघेवर आहे. ७३ गुणिले ४ म्हणजे २९२ मिनिटे. जवळजवळ पावणेपाच तास आणि वर थोडी मिनिटे.

प्रत्येक गावाने आपापले घड्याळ सूर्यावर लावले तर रेल्वे, तार, कचेऱ्या यांचा घोटाळा होईल. म्हणून १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या भारतासाठी एक वेळ ठरवली. त्यासाठी साडेब्याऐंशी अंशांची रेघ धरली. ती उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. साडेब्याऐंशी गुणिले चार म्हणजे ३३० मिनिटे. म्हणजे बरोबर साडेपाच तास. आपले घड्याळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असते, ते यामुळे.

मुंबईचे भांडण

ही नवी वेळ मुंबईला सहजी पटली नाही. मुंबईची स्वतःची वेळ होती. नवी वेळ तिच्या ३९ मिनिटे पुढे. काल सकाळी सहा वाजले असते, त्या घटकेला आज घड्याळ सहा वाजून ३९ मिनिटे दाखवू लागले.

गिरणीतल्या माणसाचे यात काय गेले? त्याची झोप गेली. गिरणीचा भोंगा घड्याळावर वाजे. घड्याळ पुढे गेले की भोंगाही पुढे गेला. अंधारात उठून खात्यात हजर व्हायचे. म्हणून १९०६ च्या जानेवारीतच गिरणी कामगारांनी या नव्या वेळेविरुद्ध आवाज उठवला. शहरातले पुढारीही विरुद्ध बोलले. महापालिकेने तर आपली घड्याळे जुन्या मुंबई वेळेवरच ठेवली. पुढे चाळीसहून अधिक वर्षे मुंबईत दोन वेळा चालत होत्या. तेव्हा कोणी वेळ दिली की विचारावे लागे, "कुठली? स्टँडर्ड की मुंबई?"

हा प्रश्न आमच्या आधीच्या पिढीला तोंडपाठ होता. त्या सोमवारी संध्याकाळी तोच प्रश्न विचारायला आम्ही विसरलो. मुलगा म्हणाला, "रात्री दहा." आम्ही विचारायला हवे होते, "कुठले दहा? तुझे की आमचे?"

खरा हिशेब

आता तोच हिशेब नीट करू.

विमान लंडनला रात्री दहाला सुटले. हे दहा लंडनचे. तेव्हा मुंबईत किती वाजले होते? लंडनच्या वेळेत साडेपाच तास मिळवा. रात्रीचे दहा अधिक साडेपाच तास म्हणजे पहाटेचे साडेतीन. आता त्यात प्रवासाचे नऊ तास मिळवा. दुपारचे साडेबारा.

म्हणजे आम्ही ज्या वेळी "तो आता विमानात बसला असेल" असे काकूंना सांगत होतो, तेव्हा लंडनला संध्याकाळचे साडेचार वाजले होते. तो अजून विमानतळावर पोचलाही नसेल. आणि मंगळवारी सकाळी सातला, पुतण्या दाराशी उभा होता तेव्हा, विमान सुटून साडेतीनच तास झाले होते. अजून साडेपाच तासांची वाट बाकी होती.

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट. तिकिटावर सुटण्याची वेळ ही सुटण्याच्या गावाची असते. पोचण्याची वेळ ही पोचण्याच्या गावाची असते. दोन वेळांची नुसती वजाबाकी करू नका.

दुसरी गोष्ट. माणूस परदेशातून येत असेल तर सुटण्याची वेळ आधी आपल्या घड्याळात आणा. मग प्रवासाचे तास मिळवा. लंडन, दुबई ही गावे आपल्या पश्चिमेला आहेत. तेथली वेळ आपल्या घड्याळात आणताना तास मिळवायचे. आपली वेळ त्यांच्या घड्याळात नेताना तास वजा करायचे.

तिसरी गोष्ट. लंडनला उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे करतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतात. त्यामुळे हिवाळ्यात फरक साडेपाच तासांचा, उन्हाळ्यात साडेचार तासांचा. दुबईला असे करत नाहीत. दुबईचे घड्याळ बाराही महिने आपल्या दीड तास मागे असते.

चौथी गोष्ट. तिकिटावर घड्याळ चोवीस तासांचे असते. २२:०० म्हणजे रात्रीचे दहा. ००:३० म्हणजे मध्यरात्र उलटून अर्धा तास. वेळेपुढे +१ असे लिहिले असेल तर पोचायचा दिवस दुसरा. मध्यरात्रीनंतरच्या विमानाची तारीख नीट पाहा. "पाच तारखेला ००:३०" म्हणजे चार तारखेची रात्र. पाच तारखेच्या रात्री विमानतळावर गेलात तर विमान कालच गेलेले असते.

आणि सर्वांत बरे म्हणजे फोनवर सरळ विचारावे, "बाळा, मुंबईच्या घड्याळात किती वाजता उतरशील?" विचारण्यात कमीपणा नाही. आम्हांला तो वाटला, म्हणून पुढचे झाले.

त्या दिवशी पुढे काय झाले

नऊ वाजता चाळीचे अंगण भरले होते. गावाकडची माणसे रात्रभर एस.टी.त बसून आली होती. कोणाला कामावर जायचे होते. बर्फ वितळून पाणी जिन्यापर्यंत आले होते. पोरगे नाही, हे कळल्यावर कुजबुज सुरू झाली. गावचे एक म्हातारे भाऊबंद म्हणाले, "मयत किती वेळ ठेवायची? पुतण्या हाय की. तो दील अग्नी." दुसरा म्हणाला, "पोराला यायचंच नसंल." हे शब्द काकूंच्या कानांवर गेले. त्यांनी मान खाली घातली.

तेव्हा आम्हांला राहवेना. आम्ही गॅलरीत पुढे आलो. मुख्याध्यापक म्हणून आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका तांबड्या शाईने दाखवल्या होत्या. आज आपली दाखवायची होती. आम्ही म्हणालो, "मंडळी, मुलगा उशीर करत नाही. विमानही वेळेवर आहे. चूक आमची आहे. लंडनचे दहा आम्ही मुंबईचे दहा धरले. तो पहाटे साडेतीनलाच निघालाय. आत्ता तो आभाळात आहे. साडेबाराला उतरेल."

कोणी काही बोलेना. मग काकूंनी मान वर केली. "साडेबारा म्हणालात न्हवं गुरुजी? ह्या खेपेला हिशेब बरोबर हाय ना?"

आम्ही म्हणालो, "बरोबर आहे. दोनदा करून पाहिला."

त्या म्हणाल्या, "मग थांबायचं."

पुढे कोणी वाद घातला नाही. कोणी आणखी बर्फ आणला. बायकांनी गावच्या माणसांना चहा केला. ज्यांना जायचे होते ते पाया पडून गेले. बाकीचे सावलीत बसून राहिले.

दुपारी सव्वादोनला टॅक्सी चाळीच्या दारात थांबली. मुलगा उतरला. हातात एक पिशवी, अंगात थंडीचा जाड कोट. तो धावत वर आला. काकूंच्या गळ्यात पडला. मग तात्यांच्या पायांवर डोके ठेवले. तासाभरात आम्ही भोईवाड्याला गेलो. अग्नी त्यानेच दिला.

संध्याकाळी त्याने आमच्यासमोर मनगट धरले. "गुरुजी, घड्याळ बदलायचंच राहिलं बघा." त्या घड्याळात अजून लंडनचीच वेळ होती. आम्ही मनात हिशेब केला. सव्वादोनमधून साडेपाच तास वजा. पावणेनऊ. आम्ही नऊची वेळ दिली होती. त्याच्या घड्याळाप्रमाणे तो पंधरा मिनिटे आधीच आला होता.

आम्ही त्याला आमची चूक सांगितली. सकाळी तो येण्याआधीच मयत उचलायची बोलणी चालली होती, हेही सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "थांबलात ना, गुरुजी." आणि उठून काकूंजवळ जाऊन बसला.

तेव्हापासून आमच्या दारामागे दोन घड्याळे आहेत. एक मुंबईचे, एक लंडनचे. चाळीतली मुले येता-जाता वाचतात आणि फरक सांगतात. मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये लंडनचे घड्याळ त्यांच्यापैकी एकजण स्टुलावर चढून बदलतो.

हिशेब करून पाहा

१. डिसेंबर महिना. मुंबईहून विमान दुपारी एकला सुटले. लंडनला पोचायला दहा तास लागले. लंडनच्या घड्याळात किती वाजले असतील?

२. जुलै महिना. लंडनहून विमान सकाळी नऊला सुटले. नऊ तास लागले. मुंबईत किती वाजता उतरेल?

३. दुबईहून विमान रात्री अकराला सुटले. तीन तास लागले. मुंबईत किती वाजता उतरेल? घरून किती वाजता निघाल, तेही ठरवा.

उत्तरे

१. संध्याकाळचे साडेपाच. २. रात्रीचे साडेदहा. ३. पहाटेचे साडेतीन. तारीख दुसऱ्या दिवसाची.

कठीण शब्द

अंश – गोलाचे ३६० सारखे भाग केले तर त्यातला एक भाग.
प्रमाणवेळ – सगळ्या देशासाठी ठरवलेली एक वेळ. हिलाच लोक स्टँडर्ड टाइम म्हणत.
धावपट्टी – विमान जिच्यावरून धावत उडते व जिच्यावर उतरते ती लांब पक्की वाट.
साचेखाते – गिरणीत कापड विणण्याचे खाते.